शिक्षकांचे प्रश्न : वर्गात आहेत, पुस्तकात दिसत नाहीत

प्रश्न : तांड्यालगतच्या जिल्हा परिषद शाळेत मी दुसरीला शिकवते. २८ पैकी १७ मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलतात. अभ्यासक्रमात विविधता दिसू द्या, असं प्रशिक्षणात सांगतात. पण पुस्तक बदलणं आमच्या हातात नाही आणि आहे तेवढाच अभ्यासक्रम वेळेत संपत नाही. नेमकं करायचं काय?
– एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : त्यासाठी वेगळी तासिका काढू नका. पहिली चाचणी जवळ आली की तीच आधी बुडते. रोजच्या गणितात आणि भाषेतच हात घाला.

आधी पुस्तकातली चित्रं मोजा. एक पुस्तक, एक कोरा कागद आणि तासभर वेळ पुरतो. नुसतं 'बाया किती, पुरुष किती' मोजलं तर आकडे बरे येतात आणि आपलं समाधान होतं. म्हणून प्रत्येक माणसापुढे तो काय करतोय ते लिहा : सांगतोय की ऐकतोय, वाढतोय की जेवतोय. बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसले. फरक पडतो तो अशा कामाच्या वाटणीत. मग दुसऱ्यांदा पानं चाळा. घरं कसली आहेत? चाकाच्या खुर्चीतलं मूल कुठे आहे का? असलं तर ते खेळतंय, की प्रत्येक चित्रात कुणीतरी त्याला ढकलतंय?

जे सापडलं नाही ते शाब्दिक उदाहरणांत आणा, आठवड्याला पाच पुरेत. इथे एक चूक हमखास होते : रोहनच्या जागी रुकसाना येते, पण तिचे अब्बा पंक्चरच काढत असतात. साचा तोच राहिला. त्यापेक्षा रुकसानामावशी बँकेत दहाच्या ६ नोटा मोजू देत. 'मंगलच्या याडीने (आईने) कापडावर एका ओळीत ६ आरसे लावले, तर ४ ओळींत किती?' हे उदाहरण मुलांना लगेच ओळखीचं वाटतं. पण त्याच आठवड्यात दुसरी एखादी याडी ग्रामसभेत सह्या मोजताना दिसली पाहिजे, नाहीतर बंजारा बाई म्हणजे फक्त भरतकाम, असा नवा साचा तयार होतो.

आता भाषा. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर वर चित्र काढा, खाली मराठी आणि गोरमाटी शब्द लिहा. दोन्हींची अक्षरं एकाच आकाराची हवीत. गोरमाटी कंसात आणि बारीक लिहिली की तिची पायरी मुलांना बरोबर कळते. आठवड्याला दहा कार्डं करा. सुरुवात सणावारांपासून नको, 'पाणी', 'पोट दुखतंय', 'समजलं नाही' इथून करा. शब्द तांड्यातल्या दोन-तीन पालकांकडून वदवून घ्या. उच्चारात फरक निघाला तर दोन्ही रूपं लिहा. कार्डं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. मूल 'याडी' म्हणालं की 'आई म्हण' असं लगेच टोकू नका, ते पुढचं वाक्यच बोलायचं थांबतं. कुणी हरकत घेतली तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ दाखवा. शक्य तितकं मातृभाषेतून शिकवावं, असं त्यातच लिहिलं आहे.

प्रश्न : स्नेहसंमेलनात दरवर्षी 'आदिवासी नृत्य' असतं. पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, डोक्याला पिसं. यंदा काय बदलू?
– एक शिक्षक, नाशिक जिल्हा

उत्तर : हा प्रकार सरळ बंद करा. वारली, कोकणा, भिल्ल, कातकरी, गोंड, कोरकू यांपैकी हा वेश कुणाचा? कुणाचाच नाही. आणि प्रेक्षकांत त्याच समाजाची मुलं बसलेली असतात.

नाच ठेवायचाच असेल तर नाव घेऊन ठेवा. वारल्यांचा तारपा नाच घ्या. सुकवलेला भोपळा आणि बांबू यांपासून केलेला तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात. शिकवायला पाड्यावरचा वादक बोलवा. कवायतीच्या सरांना मानधन मिळत असेल तर त्यालाही द्या. वेशभूषा त्यालाच विचारून ठरवा. तोंडं रंगवू नका.

प्रश्न : चित्रकलेच्या तासाला मुलं 'स्किन कलर'चा खडू मागतात. सावळी मुलंही स्वतःला गुलाबी रंगवतात.

उत्तर : आठवडाभर तो खडू पेटीतच राहू द्या. पोस्टर रंगांच्या चार बाटल्या घ्या : तपकिरी, पिवळा, लाल, पांढरा. बाटलीच्या झाकणात आधी तपकिरी घ्या आणि बाकीचे काडीच्या टोकाने थेंब थेंब मिसळा. पांढऱ्यापासून सुरुवात केली तर सावळा रंग यायला निम्मी बाटली तपकिरी जाते आणि छटा राखट येते. मुलाने कागदावर ठिपका देऊन तो स्वतःच्याच मनगटाशी लावून बघावा. शेजाऱ्याच्या हाताशी लावू देऊ नका, तिथूनच 'काळ्या' सुरू होतं. ठिपक्यांखाली मुलांची नावं नकोत. गूळ, चिंचोका, खारीक, बाजरीची भाकरी अशी रंगांची नावं मुलांनाच ठेवू द्या.

प्रश्न : 'माझे कुटुंब' शिकवताना वंशवृक्षाचा तक्ता भरून घेते. आई-बाबा ऊसतोडीला गेलेली किंवा आत्याकडे वाढणारी मुलं गप्प बसतात.

उत्तर : छापील तक्त्यात 'बाबा'चा चौकोन आधीच आखलेला असतो, मूल अडतं ते तिथे. कोरा कागद द्या आणि तीन प्रश्न विचारा : तुझी वेणी कोण घालतं किंवा भांग कोण पाडतं? रात्री शेजारी कोण झोपतं? ताप आला की दवाखान्यात कोण नेतं? त्या माणसांची चित्रं काढायला सांगा. फळ्यावर नमुना काढाल तो आजी आणि नातवाचा काढा. 'बाबा कुठे आहेत?' हे वर्गासमोर विचारू नका, हजेरीच्या नोंदीसाठी हवं असेल तर मधल्या सुट्टीत आजीलाच विचारा.