किक जड लागते का, ते आधी पाहा

प्रश्न : चोपड्याहून शिरपूरला येताना रस्त्याच्या कडेला एक वयस्कर शेतकरी जुनी येझदी मोटरसायकल घेऊन उभे होते. 'गाडी बंद पडी गयी, भाऊ,' एवढेच ते म्हणाले. मी शिक्षक आहे, मेकॅनिक नव्हे. पण वडिलांकडे अशीच गाडी होती, म्हणून प्लग काढून साफ केला आणि ती सुरू झाली. पुढे त्या शेतकरी आबांचा फोन आला. आठ-दहा किलोमीटर गेले की गाडी बंद पडते आणि अर्धा तास उभी केली की पहिल्या किकला सुरू होते. गॅरेजवाल्याने बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) पिस्टन बदलायला सांगितले आहे, तो खर्च त्यांना झेपणारा नाही. आता ते गाडी माझ्याकडे आणू म्हणतात. मी हात लावावा का? लावला तर सुरुवात कुठून करावी आणि पैशांचे काय?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : हात अवश्य लावा, पण गाडी गरम होऊन बंद पडेपर्यंत एकही नट सैल करू नका. थंड असताना पहिल्या किकला सुरू होणाऱ्या गाडीचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सहसा ठीक असते; त्यामुळे बोअरचा सल्ला घाईचा वाटतो. हा दोष गरम झाल्यावरच दिसतो, आणि गॅरेजात गाडी थंड होऊन पोचत असल्यामुळे तो तिथे कुणाला सापडत नाही. म्हणून आबांना गाडी चालवायला सांगून तुम्ही मागोमाग जा आणि ती जिथे बंद पडेल तिथेच तपासा.

बंद पडताच किक जड लागते का ते पाहा; लागत असेल तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा, नसेल तर पेट्रोल टाकीचे झाकण उघडा. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. शेतरस्त्याच्या धुरळ्याने ते बुजले की टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली उतरत नाही, आणि थोडा वेळ थांबल्यावर हळूहळू हवा शिरून गाडी पुन्हा चालते. झाकण उघडताना हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दुरुस्ती एका बारीक तारेची आहे.

तसे झाले नाही, तर झाकण लावून पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) बंद करा आणि प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही : कॉकची जाळी, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) आणि टाकीतला गंज पाहावा. (हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी वायसर फुगू शकतात, तेही पाहून घ्यावे.) प्लग ओला असेल तर ठिणगीकडे वळावे. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या हेडला टेकवावा, प्लगच्या भोकापासून दूर धरावा आणि किक मारावी. ठिणगी जाड निळी हवी. पिवळट, बारीक किंवा मुळीच नसेल, तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे ठिणगीच्या जोडणीतल्या एका छोट्या विजेच्या भागावर राहील.

येझदी पॉइंटवाली (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या दोन टोकांची) असेल तर उजव्या बाजूचे झाकण काढून सावलीत इंजिन चालू ठेवा आणि पॉइंटकडे पाहा. दोन टोकांमध्ये सतत ठळक निळसर ठिणग्या उडत असतील आणि टोके जळून खड्डे पडलेले असतील, तर कंडेन्सर बहुधा गेला आहे. भाग छोटा आणि स्वस्त आहे. तो बदलताना पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) अंतर साधारण 0.4 मिलिमीटर ठेवावे. दोष तसाच राहिला तर ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी इग्निशन कॉईल पाहावी. गरम झाल्यावर तीही दगा देते, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जाणाऱ्या आपल्या भागात ही तक्रार उन्हाळ्यातच वाढते. बंद पडल्यावर हॉर्नचा आवाज क्षीण येत असेल, तर मात्र बॅटरी आणि ती चार्ज करणारा डायनॅमो आधी पाहावेत.

म्हैसूरचा येझदीचा मूळ कारखाना 1996 मध्ये बंद झाला असल्यामुळे नवे म्हणून मिळणारे सुटे भाग सारख्या दर्जाचे नसतात. काढलेला जुना भाग टाकू नये, आबांच्या हाती द्यावा. भाग त्यांनीच विकत आणावेत, श्रमाचे पैसे तुम्ही घेऊ नयेत. त्यांनी शेतातली केळी आणली तर मात्र घ्यावीत. चाचणीला गाडी त्यांनीच चालवावी आणि नोंदणी पुस्तक पाहून घ्यावे, कारण 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते आणि जुन्या गाड्यांचे ते बऱ्याचदा राहून गेलेले असते.

एक शक्यता उरते. गाडी बंद पडताच किक जड लागली किंवा अडली, तर पिस्टन गरम होऊन धरतो आहे. तेव्हा आबा पेट्रोलमध्ये ऑइल किती घालतात ते विचारा. लिटरमागे 30 ते 40 मिलिलिटर हवे. तेवढे घालूनही किक अडत असेल, तर गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे मानून सिलिंडर उघडावा आणि ते काम त्यालाच करू द्यावे.