काळी माती, हरळी आणि नागपूरचा मे

भाऊ, लॉन लावायच्या आधी माती बघा. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. वरच्या सहा इंचांत कुजलेलं शेणखत सढळ हाताने मिसळा, नालीकडे थोडा उतार द्या. नुसती थोडी रेती टाकून भागत नाही, माती विटेसारखी घट्ट होते.

गवत म्हणाल तर सरळ हरळी लावा. मखमली कार्पेट गवत नर्सरीत झकास दिसतं, पण ४५ अंशांत त्याचे लाड कोण पुरवणार? आंब्याच्या दाट सावलीत मात्र हरळीचा हट्ट नको, विरळच राहते.

रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात. पहाटे, एक दिवसाआड, पण भरपूर द्या. नंतर लांब पेचकस खुपसून पाहा, चार-पाच इंच सहज गेला तर पुरे. मे महिन्यात हे रोज तपासा.

आणि एक, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंड्यांत ओतू नका! पाणी उडतं, क्षार टाकीतच साठतात. मातीवर पांढरा थर चढतो, पानांच्या कडा करपतात, अन् माणूस रोग समजून फवारे मारत बसतो.

कापताना एका वेळी एक तृतीयांशच पातं काढा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गवत दोनेक इंच उंच ठेवा, युरियाला हात लावू नका. कुंड्यांवर हिरवी नेट मार्चअखेरीसच बांधून घ्या.