खांडेकर डोक्यातून जातच नाहीत

प्रश्न: नमस्कार ताई, मी कोल्हापूरचा. चार वर्षं झाली, वि. स. खांडेकर झपाटल्यासारखा वाचतोय आणि आता काहीही लिहायला बसलो की त्यांच्यासारखीच सुभाषितं पेनातून उतरतात. आमच्या गावच्या गुऱ्हाळावर लेख लिहिला तर मित्र म्हणाला, हे तुझं वाटत नाही. लेख जोडलाय. मला त्यांच्यासारखा विचार करायला शिकायचंय, नक्कल नकोय. आणि असं घेणं ही चोरी होते का?

उत्तर: लेख दोनदा वाचला. पहिला परिच्छेद सगळा ‘जीवन म्हणजे’ने भरलाय, तो काढून टाका, खरंच काढा. पण खाली एका ठिकाणी गुळव्या काहिलीतल्या पाकाचा थेंब पाण्यात सोडतो, बोटानं गोळी चाचपतो आणि नुसतं ‘उतरवा’ म्हणतो. ते वाचताना मला चुलवाणाची धग लागली. ते वाक्य तुमचं आहे.

आता खांडेकरांकडून घ्यायचं काय? ‘ययाती’ परत काढा, पण या वेळी वाक्यांखाली रेघा मारू नका, त्यांनी काय केलं ते बघा. गोष्ट महाभारतातली, सगळ्यांना ठाऊक असलेली, पण ती त्यांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून सांगितली, त्यामुळं एकाचं खरं दुसऱ्याच्या तोंडी गेलं की वेगळंच दिसायला लागतं. हा झाला विचार करायचा ढंग, आणि तो गुऱ्हाळालाही लागू पडतो की! तुमच्या लेखात सगळं मालकाच्या बाजूनं आलंय, तो चिपाडाचा जाळ घालणारा माणूस एका ओळीत येतो आणि जातो, त्याला रात्रभर तिथं बसून काय दिसतं? गुळाचा भाव पडला की त्याच्या घरी काय होतं? पुस्तक कपाटात ठेवा आणि गुऱ्हाळावर जाऊन त्यालाच विचारा.

खुद्द खांडेकर पण असेच शिकले. नाटककार आणि विनोदी लेखक श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना ते गुरू मानायचे. लेबनॉनचा कवी खलील जिब्रान त्यांनी मराठीत आणला आणि स्वतः रूपककथाही लिहिल्या, त्या मात्र आपल्या मातीतल्या.

चोरीचं म्हणाल तर वाक्य उचललं तर चोरीच, त्यात दुमत नाही. बघायची रीत घेतली तर नाही, फक्त कुणाकडून घेतली ते मोकळेपणानं सांगावं. ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9000 ओव्या केल्या आणि शेवटी सरळ सांगून टाकलं की मी व्यासांचा माग घेत, भाष्यकारांना वाट विचारत आलो. तरी ओवी ओवीत दिसतात ते ज्ञानेश्वरच, हे मला दरवेळी नव्यानं थक्क करतं.

हंगाम संपायच्या आत एक रात्र त्या चुलवाणापाशी काढा आणि लेख परत पाठवा. मी वाट बघतेय.