कविता तिची, भाष्यही तिचेच

मागील अंकात मध्ययुगीन अरबी कवितेविषयी लिहिताना दमास्कसच्या आइशा अल-बाऊनिया या कवयित्रीचा एका वाक्यात उल्लेख आला होता. सूफी मार्गावर चालणारी, विपुल काव्य रचणारी विदुषी, एवढेच तिच्याविषयी सांगितले होते. त्या वाक्यावर ठाणे आणि नवी मुंबई येथून बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात दर महिन्याला एका संतकवयित्रीवर चर्चा होते. मुक्ताबाई, जनाबाई आणि बहिणाबाई झाल्या. आता आपल्या भाषेबाहेर पाहावे, असा विचार आहे. आइशाला ‘अरबांची जनाबाई’ म्हणता येईल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : प्रश्नामागील आपुलकी समजते, तरी उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी होती. दळण, कांडण, शेणवेचणी हेच तिच्या अभंगांचे जग आहे आणि विठ्ठल तिच्यासोबत जात्याला हात लावतो. आइशाचे घर याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे होते. पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती दमास्कसमध्ये जन्मली. घराणे मूळचे आजच्या जॉर्डनमधील अजलून भागातल्या बाऊन या गावचे, आणि ‘अल-बाऊनिया’ हे नाव त्या गावावरूनच आलेले आहे. आपल्याकडे गावाला ‘कर’ जोडून आडनाव होते, तसाच हा प्रकार. वडील यूसुफ हे दमास्कसमध्ये शाफिई या इस्लामी कायद्याच्या एका पंथाचे प्रमुख काझी होते. घरात धर्मशास्त्री होते, इतिहासकार होते आणि कवीही होते. वडिलांनी मुलांबरोबर मुलीलाही शिकवले, आणि आठव्या वर्षी आपल्याला संपूर्ण कुराण मुखोद्गत होते, अशी नोंद तिने स्वतःच करून ठेवली आहे.

तिचे शिक्षण हा चमत्कार नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. इजिप्त आणि सीरियावर राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानांच्या काळात दमास्कस आणि कैरो येथील विद्वान घराणी आपल्या लहान मुलींनाही वयोवृद्ध गुरूंपुढे हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली कथने, ऐकायला नेऊन बसवीत. त्याला एक व्यावहारिक कारण होते. हदीसचे मोल ती सांगणाऱ्यांच्या साखळीवर ठरते, आणि ही साखळी जितकी आखूड तितकी ती अधिक मोलाची. ज्या मुलीने पाचव्या-सहाव्या वर्षी ऐंशी वर्षांच्या गुरूकडून हदीस ऐकली, ती स्वतः ऐंशीची होईपर्यंत तिच्याइतकी आखूड साखळी असलेले फार थोडे लोक उरत, आणि मग मोठमोठे पुरुष विद्वान तिच्यापुढे येऊन बसत. आइशाच्याच काळातील सखावी या कैरोच्या चरित्रकाराने आपल्या शतकातील व्यक्तींचा जो प्रचंड कोश रचला, त्याच्या शेवटच्या खंडात हजाराहून अधिक स्त्रियांच्या नोंदी आहेत.

परंतु ऐकणे, पाठ करणे आणि पुढच्या पिढीला सांगणे ही एक गोष्ट झाली; स्वतःचे ग्रंथ रचणे ही दुसरी. सखावीच्या कोशातील बहुतेक स्त्रिया पहिल्या वाटेवरच्या आहेत. आइशा दुसऱ्या वाटेने गेली आणि तेथे तिला सोबत जवळजवळ नव्हती. आधुनिक काळापूर्वी अरबीत इतके गद्य आणि पद्य लिहिलेली दुसरी स्त्री दाखवणे अवघड आहे.

आपल्या मंडळाला तुलनाच करायची असेल, तर ती बहिणाबाईशी करावी. बहिणाबाईने स्वतःची कथा स्वतःच्या शब्दांत सांगितली आणि आपले गुरू तुकोबा, हे स्पष्ट नोंदवले. आइशानेही तेच केले. ती कादिरी परंपरेतील सूफी. इस्माईल अल-हव्वारी आणि त्यांच्यामागून त्यांचे उत्तराधिकारी याह्या अल-उर्मवी, या दोघांच्या हातून आपली घडण झाली, असे ती कृतज्ञतेने लिहिते. तिच्या ‘फैज अल-फज्ल’ या कवितासंग्रहात तीनशेहून अधिक कविता आहेत, आणि त्यांतील कित्येकींच्या माथ्यावर ही कविता ईश्वरानेच तिच्यावर उघड केली, अशा अर्थाचा मजकूर आहे. बोलविता धनी वेगळा, ही भावना आपल्या वाचकांना नवी नाही. मात्र बहिणाबाईला ज्या घरात नवऱ्याचा मार खावा लागला, तसले काही आइशाच्या वाट्याला आल्याचे तिच्या लेखनात दिसत नाही. तिचा विवाह दमास्कसमधील एका प्रतिष्ठित सय्यद घराण्यात झाला आणि तिला अब्द अल-वह्हाब हा मुलगा व बरका ही मुलगी, अशी दोन अपत्ये झाली.

प्रश्न : तिची ‘बदीइय्या’ नावाची रचना प्रसिद्ध आहे, असे वाचले. बदीइय्या म्हणजे काय?
— एक विद्यार्थिनी, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : याची मुळे तेराव्या शतकातील इजिप्तमध्ये आहेत. बूसीरी या कवीने पैगंबरांच्या स्तुतीपर एक दीर्घ काव्य रचले, जे ‘बुर्दा’, म्हणजे उपरणे किंवा शाल, या नावाने ओळखले जाते. कवीला पक्षाघात झाला होता, स्वप्नात पैगंबरांनी आपली शाल त्याच्या अंगावर टाकली आणि तो बरा झाला, अशी कथा आहे. या काव्याचे अनुकरण करण्याची पुढे रीतच पडली. चौदाव्या शतकात सफीउद्दीन अल-हिल्ली याने त्यात एक अवघड अट घातली : वृत्त बुर्दाचे, अंत्ययमक बुर्दाचे, विषयही तोच, पण प्रत्येक ओळीत एकेक नवा अलंकार साधून दाखवायचा. अलंकारशास्त्राला अरबीत ‘बदी’ म्हणतात, म्हणून ही बदीइय्या.

आइशाच्या ‘अल-फत्ह अल-मुबीन’ या रचनेत अशा 130 ओळी आहेत. जिनास म्हणजे आपल्या यमकाच्या जवळचा प्रकार, तौरिया म्हणजे श्लेष, तिबाक म्हणजे विरुद्धार्थी शब्दांची जोडी. असे एकापुढे एक अलंकार ती मांडत जाते. मराठी वाचकाला येथे मोरोपंतांची आठवण होणे साहजिक आहे. ओठांना ओठ लागणारे एकही अक्षर न वापरता ‘निरोष्ठ रामायण’ रचणाऱ्या पंतांना आइशाचा हा खटाटोप लगेच उमगला असता. पंतांवर जो आक्षेप घेतला जातो, तोच येथेही घेता येईल, आणि मला तो काही अंशी मान्य आहे. ओळीने इतके अलंकार वाचताना सराफाच्या दुकानातील काचेच्या कपाटापुढे उभे राहिल्यासारखे वाटते. दागिने दिसतात, ते घालणारी दिसत नाही.

आणि तरीही या रचनेचे महत्त्व मोठे आहे, ते तिच्या भाष्यामुळे. बदीइय्या लिहिणारे कवी पुष्कळदा आपल्या काव्यावर स्वतःच टीका लिहीत, आणि आइशानेही ती लिहिली. प्रत्येक ओळीतील अलंकार कोणता, त्याची व्याख्या काय, आधीच्या कवींनी तो कसा वापरला, हे ती शिक्षकाच्या अधिकाराने सांगते. आपल्याकडे संतकवयित्रींचे अभंग बहुधा इतरांनी जपले. जनाबाईचे तर नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने आपल्यापर्यंत आले, आणि त्यांचा अर्थही कीर्तनकारांनी व संपादकांनीच लावला. आपल्या शब्दांचा अर्थ काय, हे ठरवण्याचे काम आइशाने दुसऱ्यावर सोपवले नाही. तिच्या सर्व लेखनात मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

प्रश्न : तिचे सर्व लेखन चोरांनी लुटले, असे ऐकिवात आहे. हे तुकोबांच्या गाथेसारखेच घडले का?
— एक निवृत्त शिक्षक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : सर्व लेखन नव्हे, त्या प्रवासात जे बरोबर होते तेवढे. आणि इंद्रायणीच्या कथेत गाथा तेराव्या दिवशी वर आली, तसे येथे काही घडले नाही. ती कागदपत्रे गेली ती गेलीच.

प्रसंग 1513 सालचा आहे. पतीच्या निधनाला दहा वर्षे होत आली होती आणि मुलाचे बस्तान बसायचे होते. त्याला घेऊन ती राजधानी कैरोकडे निघाली. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील बिल्बैस या गावाजवळ दरोडेखोरांनी त्यांना लुटले, आणि सामानाबरोबर तिचे हस्तलिखितही गेले. विधवा आई आणि चोविशीच्या आसपासचा मुलगा, दोघेही रिकाम्या हातांनी कैरोत पोहोचले.

तेथे सुलतानाचा खासगी सचिव महमूद इब्न अजा याने त्यांना आधार दिला. त्याने आइशाची सोय आपल्या घरातील स्त्रियांबरोबर केली आणि मुलाला दरबारच्या दफ्तरात काम दिले. आइशाने त्याच्या स्तुतीपर काव्ये लिहून हे ऋण मान्य केले. यात कोणाला लाचारी दिसेल, पण त्या काळी कवीजवळ परतफेडीसाठी दुसरे चलन नव्हते, आणि शाहिरांच्या मुलखातील आपण त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. याच मुक्कामात तिने कायदेशास्त्राचा अभ्यास केला, आणि शिकवण्याची व फतवा देण्याची रीतसर अनुज्ञा तिला मिळाली. त्या वेळी तिचे वय पन्नाशीच्या पुढे होते. अब्द अल-रहीम अल-अब्बासी या इजिप्शियन विद्वानाशी तिची कवितेतून उत्तर-प्रत्युत्तरेही चालत असत.

1516 मध्ये ती अलेप्पोला गेली आणि तेथे खुद्द सुलतान कानसूह अल-घौरीने तिची भेट घेतली. त्यानंतर लवकरच, 24 ऑगस्ट रोजी, मर्ज दाबिकच्या रणांगणावर उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांचा, सुलतान सलीम याच्याशी झालेल्या लढाईत अल-घौरीचा मृत्यू झाला. आइशा दमास्कसला परतली आणि 1517 मध्ये तेथेच वारली. तोवर तिचे शहर आणि कैरो, दोन्ही उस्मानींच्या हाती गेली होती.

प्रश्न : या सर्वांशी आपल्या कोकणाचा काही संबंध पोहोचतो का?
— एक वाचक, कळवा, ठाणे

उत्तर : कवयित्रीचा नाही, पण तिला भेटलेल्या सुलतानाचा पोहोचतो. पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातील मसाल्याच्या व्यापारात हात घातल्यावर कैरोची जकात आटू लागली, म्हणून याच कानसूह अल-घौरीने अमीर हुसेनच्या हाताखाली एक आरमार पाठवले. मार्च 1508 मध्ये त्या आरमाराने गुजरातच्या नौदलाच्या साह्याने पोर्तुगीजांचा पराभव केला, तो आपल्या चौलच्या खाडीत. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत दीव येथे ते आरमार हरले आणि तो विषय संपला. आइशाने सुलतानाला पाहिले, त्याच्या सातच वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

प्रश्न : खन्सा आणि वल्लादा यांची नावे कुठेही सापडतात. मग आइशा इतकी मागे का राहिली?
— एक वाचक, घोडबंदर मार्ग, ठाणे

उत्तर : माझ्या मते त्या दोघींना गोष्ट आहे आणि आइशाला ग्रंथ आहेत. गोष्ट लवकर पसरते.

सातव्या शतकातील खन्साचे खरे नाव तुमादिर; सुलैम टोळीतील ही स्त्री सख्र आणि मुआविया या मारल्या गेलेल्या भावांवर आयुष्यभर शोककाव्ये रचत राहिली. भावासाठी रडणारी बहीण कोणत्याही भाषेतील माणसाला समजावून सांगावी लागत नाही. शिवाय अरबी वैयाकरणांना जुन्या भाषेचे दाखले हवे होते, म्हणून तिचा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, त्यांनी काळजीने जपला. अकराव्या शतकातील कॉर्डोबाची वल्लादा ही खलिफाची मुलगी. तिने झग्याच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या ओळी भरतकामात काढून घेतल्या होत्या, असे सांगतात. तिच्या मोजक्याच कविता उरल्या आहेत, आणि तिची कीर्ती मुख्यतः तिच्यावर प्रेम करणाऱ्या इब्न जैदून या कवीच्या काव्यातून आलेली आहे. 1971 मध्ये कॉर्डोबात उभारलेले स्मारकही त्या दोघांच्या प्रेमाचे आहे.

आइशाच्या बाबतीत आणखी एक अडचण आली. मामलुक काळातील साहित्य म्हणजे उतरणीला लागलेले, कृत्रिम, केवळ अलंकारांचे, असा शेरा एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील अभ्यासकांनी मारला होता. आपल्या पंडिती काव्याचेही असेच झाले. तो शेरा पुसला जाऊ लागल्यावर तिचे ग्रंथ पुन्हा उघडले गेले, आणि त्या कामात अमेरिकन अभ्यासक एमिल होमेरिन यांचा वाटा मोठा आहे.

प्रश्न : अरबी येत नसेल तर सुरुवात कुठून करावी?
— नौपाड्याचेच वाचक

उत्तर : होमेरिन यांनी तिच्या ‘अल-मुंतखब’ या सूफी मार्गावरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 2014 मध्ये मूळ अरबीसह प्रसिद्ध केले आहे. त्यापासून आरंभ करावा; बदीइय्या मागाहून. साधकाच्या अवस्था अगणित असल्या तरी त्यांची मुळे चारच आहेत, असे ती तेथे म्हणते : पश्चात्ताप, निष्ठा, नामस्मरण आणि प्रेम. प्रत्येक विषयावर आधी कुराण, मग हदीस, मग पूर्वसूरींची वचने येतात, आणि या सर्वांच्या पाठोपाठ ती स्वतःची कविता ठेवते. आपल्या मंडळाच्या बैठकीत तिसरे प्रकरण आधी वाचून पाहावे. नामस्मरणावर बोलायला आपल्या मंडळींना प्रस्तावना लागणार नाही.