फो की फऽ? आणि ‘चाय’ म्हणजे चहा नव्हे

प्रश्न असा आहे: “सॅन होजेला आमच्या घराजवळ एक छोटं व्हिएतनामी हॉटेल आहे. तिथल्या मेन्यूवर ‘फो चाय’ असतं. फोचा खरा उच्चार काय? कोणी फो म्हणतं, कोणी फा, कोणी फर. मराठीत कसं लिहायचं? आणि हा चाय म्हणजे चहा घातलेलं सूप की काय?”

फो म्हणजे ढोबळमानाने रश्शातल्या तांदळाच्या शेवया. शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण शाकाहारी माणसाचं पोट त्यावर अवलंबून आहे.

त्या ‘चाय’चा चहाशी काहीही संबंध नाही. व्हिएतनामीत त्या शब्दाचा अर्थ शाकाहारी. मूळ चिनी शब्द व्रतासाठी पाळायच्या आहारशुद्धीचा, बौद्ध परंपरेतून आलेला. कितीतरी व्हिएतनामी माणसं एरवी सगळं खातात, पण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे वर्ज्य करतात. आपल्याकडे कोणी ‘आज माझा सोमवार आहे’ म्हणतं, तसंच. कडक पाळणारे कांदा-लसूणही सोडतात, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

उच्चारात मात्र गोम आहे. व्हिएतनामी रोमी लिपीत लिहितात; त्यात शेवटी ‘वाय’ असेल तर आधीचा स्वर ऱ्हस्व, आणि ‘आय’ असेल तर दीर्घ. म्हणजे शाकाहारी तो ‘चय’, ‘वय’शी यमक जुळणारा. आपण ‘चाय’ असा आकार लांबवला की व्हिएतनामी कानाला ऐकू येते ‘बाटली’. संदर्भाने वाढप्याला कळतं, तो काही बाटलीतलं सूप आणून ठेवत नाही. पण मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आयता हाताशी असताना तो का गमवावा? आणखी एक: हा च ‘चहा’तला, ‘चाळी’तला नव्हे. मराठीला दोन च आहेत याचा फायदा असा क्वचितच होतो.

मग चहाला काय म्हणतात? दक्षिणेत ‘ट्रा’ आणि हनोईकडे जवळजवळ ‘चा’, अगदी कोल्हापुरी ‘चा’सारखा, फक्त उतरत्या सुरात. आपला चहा आणि हा ‘चा’ एकाच चिनी शब्दाची लेकरं. पण मेन्यूवर ‘चा यॉ’ दिसलं तर तोही चहा नव्हे, ते तळलेले रोल. तिथला ‘चा’ वेगळ्या सुरातला, आणि त्याचा अर्थ कुटलेल्या मांसाचा किंवा माशाचा प्रकार. शिवाय ‘चॅ’ नावाचा शब्द उत्तरेत चहासाठीही चालतो, पण दक्षिणेत मुगाची डाळ, नारळाचं दूध, साबुदाणा वगैरेंच्या गोड पदार्थाला. अमेरिकेतली बहुतेक व्हिएतनामी हॉटेलं दक्षिणेकडून आलेल्यांची, तेव्हा तिथे ‘चॅ’ मागितलं तर गोड वाटी येईल.

शाकाहारी वाचकांसाठी इथे एक इशारा. मेन्यूवर इंग्रजीत ‘व्हेजिटेबल फो’ लिहिलेलं असेल तर ते ‘चय’ असेलच असं नाही. भाज्या खऱ्या, पण पाणी हाडांच्या रश्शाचं, असं अनेकदा असतं. म्हणून पदार्थाचं नाव न विचारता रस्सा विचारावा. दक्षिणी बोलीत रश्शाला ‘नुअक लेऊ’ म्हणतात, उत्तरेत ‘नुअक झुंग’. “नुअक लेऊ चय?” एवढं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. दुसरा सापळा ‘नुअक माम’ म्हणजे खारवलेल्या माशांचं पाणी. रोलबरोबरच्या फिक्या तपकिरी, आंबटगोड चटणीत ते असतंच. त्याऐवजी सोयाचं ‘नुअक तुअंग’ मागावं. पावाच्या ‘बान मी’त आतून लोणी म्हणून जे फासतात ते बहुधा अंड्याचं असतं आणि पाटे, म्हणजे आत फासायचा मऊ लगदा, मांसाचा, म्हणून तिथेही ‘चय’ हा शब्द नावात आहे का ते बघावं. ‘तोइ अन चय’ म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’.

आता फो.

त्यातला स्वर मराठी ‘ओ’ नाही आणि ‘आ’ही नाही. तो आपला ‘अ’च आहे, फक्त लांबवलेला. म्हणून सगळ्यात जवळचं लेखन ‘फऽ’. ‘अगंऽ’ म्हणताना शेवटी जो अ रेंगाळतो, अनुनासिक वगळून, तो इथे बसतो. ओठांचा चंबू केला की चुकलं. इंग्रजीत ‘फर’सारखा म्हणा असं सांगतात, ते इंग्रजांपुरतं ठीक, कारण त्यांचा र तोंडातच विरतो. मराठी माणूस ‘फर’ वाचून र असा खणखणीत वाजवतो की तो सल्ला आपल्याला निरुपयोगी ठरतो.

फ सुद्धा ‘फणसा’तला नको. खालचा ओठ वरच्या दातांना लागला पाहिजे, ‘ऑफिस’ म्हणताना लागतो तसा. गंमत अशी की तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी व्हिएतनामीतला हा वर्ण फणसातल्या फसारखाच होता असं अभ्यासक मानतात. म्हणून तर रोमी लिपीत तो ‘पी-एच’ असा लिहिला गेला. पुढे उच्चार घसरला, लेखन राहिलं. शहरी मराठी तोंडात ‘फूल’ आणि ‘फळ’ यांचं आज जे होतंय, तेच.

ही रोमी लिपी तिथे रुजवली जेझुइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांनी, त्यात पोर्तुगीज पुष्कळ. व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला, तो अलेक्सांद्र द रोद या फ्रेंच पाद्र्याचा. पूर्वेकडे जाताना तो काही काळ गोव्यात राहिला होता. त्याच गोव्यात जेझुइटच असलेल्या फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमी लिपीत छापलं गेलेलं होतं. म्हणजे दोन अगदी वेगळ्या भाषांना रोमी वेश चढवण्याचं काम एकाच पंथाची माणसं, एकाच काळात करत होती. आपल्याकडे तो वेश कोकणीपुरता उरला, तिकडे राष्ट्राची लिपी झाला.

या पोर्तुगीज वारशामुळेच ‘बान्ह मी’ ही चूक मराठीत शिरते. रोमी ‘एन-एच’ हे पोर्तुगीज पद्धतीने ‘ञ’चं चिन्ह आहे, ‘न्ह’चं नाही. इंग्रजी वाचक तो ‘एच’ गिळतो, पण मराठीत न्ह हा खरा वर्ण आहे, ‘उन्हाळा’ म्हणणारा माणूस ‘बान्ह’ही तसंच म्हणणार. दक्षिणी व्हिएतनामी उच्चार ‘बन’च्या जवळ आहे. तेव्हा ह न लावता ‘बान मी’ लिहिलेलं बरं.

परत फऽकडे. स्वरानंतर सूर. व्हिएतनामीत सूर बदलला की शब्द बदलतो. उत्तरेत सहा सूर, दक्षिणेत दोन सूर एक होऊन पाच. फऽचा सूर आधी खाली जातो आणि मग वर येतो. या सुराचं नावच ‘विचारणे’ या अर्थाचं आहे, आणि अक्षरावरची त्याची खूण म्हणजे टिंब नसलेलं छोटं प्रश्नचिन्ह. तेव्हा “फऽ?” असं विचारल्यासारखं म्हणा, काम भागतं. उलट स्वच्छ ‘ओ’ लावून चढत्या सुरात ‘फो’ म्हटलं तर तो दुसराच शब्द होतो, अर्थ रस्ता किंवा शहरातली पेठ. ‘एक रस्ता द्या, मोठा’ असं ऐकू येईल. उतरत्या सुरात ‘फॉ’ तर म्हणूच नये, तो बाजारू शब्द आहे.

व्युत्पत्तीवर दोन मतं चालतात. एक फ्रेंच ‘पोतोफ’ या मांस-भाज्यांच्या रश्शातल्या शेवटच्या ‘फ’वरून. ध्वनीच्या दृष्टीने हे अशक्य नाही, फ्रेंच लोण्याचा शब्द व्हिएतनामीत ‘बऽ’ झाला आहे, त्यात हाच स्वर. दुसरं मत चिनी शब्दाचं, ज्याचं व्हिएतनामी रूप ‘फन’, अर्थ पीठ आणि पिठाच्या शेवया. हनोईत १९३१ साली निघालेल्या कोशात हीच व्युत्पत्ती दिली आहे. मला दुसरं मत पटतं, आणि त्याचं कारण स्वयंपाकघरात आहे: फऽ हे नाव रश्शाला चिकटलेलं नाही, शेवयांना चिकटलेलं आहे. दुकानात नुसत्या शेवया मिळतात त्यांना ‘बान फऽ’ म्हणतात, आणि रस्सा अजिबात नसलेला परतलेला फऽही असतो. फ्रेंच पदार्थात शेवया नसतातच. म्हणून ‘फो म्हणजे व्हिएतनामी सूप’ ही व्याख्याही अर्धीच खरी.

या शेवया दाबून पाडलेल्या नसतात. तांदूळ भिजवून वाटतात, पातळ पीठ ताणलेल्या कापडावर पसरून वाफवतात, पातळ पोळी सोलून काढतात आणि पट्ट्या कापतात. सालपापडी वाळत घालायच्या आधी कापली तर जे होईल ते. साच्यातून पाडलेल्या गोल शेवया त्या ‘बून’, त्यांचं आपलं नातलग कोकणातले शिरवळे. मेन्यूवर हे दोन शब्द वेगळे असतात, चव आणि पोतही वेगळा. तिसरा शब्द ‘कऽम’, म्हणजे भात. ‘कऽम ताम’ म्हणजे चक्क कण्यांचा भात, तुटका तांदूळ शिजवून. गरिबाचं खाणं होतं, आता हॉटेलात ऐटीत मिळतं.

मेन्यू वाचायची किल्ली शब्दक्रमात आहे. मराठीत विशेषण आधी, नाम नंतर. व्हिएतनामीत उलट. ‘कऽम गा नुअंग’ म्हणजे भात-कोंबडी-भाजलेली. उजवीकडून वाचलं की आपोआप मराठी होतं: भाजलेल्या कोंबडीचा भात. ‘फऽ बॉ ताय’ म्हणजे शेवया-गोमांस-अर्धकच्चं. ‘बॉ’ म्हणजे गाय, ज्यांना वर्ज्य असेल त्यांनी हा शब्द पक्का लक्षात ठेवावा, ‘गा’ म्हणजे कोंबडी. ‘ताय’ असेल तर पातळ काप कच्चेच वाडग्यात येतात आणि उकळत्या रश्शात शिजतात, म्हणून ते लगेच चमच्याने खाली दाबायचे. ‘चिन’ म्हणजे पूर्ण शिजलेलं. पोटातल्या पडदेदार भागाला जो शब्द आहे त्याचा दुसरा अर्थ पुस्तक. पदर मोजले की का ते कळतं.

सोबत ताटलीत मुगाचे मोड, लिंबू, मिरची, जांभळट देठांची तुळस येते. हा दक्षिणी थाट. १९५४ साली देशाची फाळणी झाली, लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत आले, त्यांच्याबरोबर फऽ आला आणि सायगावात त्याला गोडवा आणि हिरवा पाला मिळाला. १९७५ नंतर तोच थाट निर्वासितांबरोबर कॅलिफोर्नियाला पोचला. हॉटेलाच्या नावात ५४ किंवा ७५ आकडा दिसला तर तो बहुधा घरक्रमांक नसतो. मोड आधी घालावेत, रस्सा कढत असतानाच, नाहीतर कच्चट लागतात. पण त्याच्याही आधी नुसता रस्सा एक चमचा चाखावा: चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलदोडा, भाजलेलं आलं ओळखीचं लागेल. काळा गोडसर सॉस आणि लाल तिखट सॉस रश्शात ओतून त्याची वाट लावू नये, छोट्या बशीत घ्यावेत आणि तुकडे बुडवावेत. गप्पा मारत बसलात तर शेवया फुगून गिच्च होतात.

लेखनाचं काय? मजकुरात ‘फो’च लिहावं असं माझं मत. ‘फऽ’ उच्चार दाखवायला उत्तम, पण ‘फऽचा’, ‘फऽमध्ये’ डोळ्याला टोचतं, आणि नुसता ‘फ’ लिहिला तर छापायचं काही राहिलं असं वाटतं. लिंग पुल्लिंगी: तो फो, जसा तो फोटो, तो व्हिडिओ. सामान्यरूप न करता ‘फोचा’, ‘फोत’. ‘फोह’ लिहू नये, तो ह रोमी स्पेलिंगातून उगाच ओघळलेला आहे. ‘चय’ मात्र ‘चय’च लिहावं, तिथे चुकीच्या रूपाने अर्थ बदलतो.

फऽतला स्वर तोंडात बसवायचा तर वाढणाऱ्यांना हाक मारून बघा. व्हिएतनामीत ‘तू’, ‘तुम्ही’ला सरसकट सर्वनाम नाही, नातं लावावं लागतं: आपल्याहून थोडी मोठी बाई ‘ची’ म्हणजे ताई, मोठा पुरुष ‘आन’ म्हणजे दादा, लहान कोणीही ‘एम’, आईच्या वयाची बाई ‘को’ म्हणजे आत्या. पुढे ‘अऽइ’ जोडायचं, ते आपलं अहो-अगं-अरे. “ची अऽइ!” म्हणजे “अहो ताई!” त्यातला अऽ तोच, फऽमधला. बिल हवं असेल तर पुढे ‘तिन तिएन’. बऱ्याच ठिकाणी ते टेबलावर आणून देत नाहीत, उठून गल्ल्यावर जावं लागतं.