पहिली ओळख कोणत्या भागाने करून द्यावी?

प्रश्न : बीबीसीची 'डॉक्टर हू' ही कालप्रवासाची विज्ञानकथा मालिका मी अनेक वर्षांपासून आवडीने पाहत आले आहे. माझ्या जिवलग मैत्रिणीला ती दाखवावी, अशी फार इच्छा आहे. तिला विज्ञानकथांचे वावडे आहे. रहस्यकथा मात्र ती एका बैठकीत वाचून संपवते. तिने माझ्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवली आहे. बहुतेक जण 'ब्लिंक' हा भाग सुचवतात. तो दाखवावा, की २००५ मधल्या 'रोझ'पासून क्रमाने सुरुवात करावी?

उत्तर : हाताशी एकच संध्याकाळ आहे, म्हणून आधी निवड सांगते आणि मग कारणे. २०१० मधला 'दि इलेव्हन्थ अवर' दाखवा.

'ब्लिंक' (२००७) हा अप्रतिम भाग आहे, याविषयी माझे दुमत नाही. जुन्या घरातला भिंतीवरचा कागद सोलताच त्याखाली स्वतःच्याच नावाने लिहिलेला इशारा सापडणे, ही सुरुवात कोणत्याही रहस्यप्रेमी व्यक्तीला खिळवून ठेवील. अडचण एवढीच, की त्या भागात मालिकेचा नायक, म्हणजे काळातून प्रवास करणारा परग्रहवासी डॉक्टर, बहुतांशी ध्वनिचित्रफितीतूनच भेटतो. मैत्रिणीला भाग आवडेल, परंतु ज्याच्यासाठी पुढे मालिका पाहायची, त्याच्याशी तिची ओळखच होणार नाही आणि पुढचा भाग वेगळ्याच धाटणीचा निघाला म्हणून ती हिरमुसेल.

'रोझ'ची रचना नवख्या प्रेक्षकासाठीच आहे, कारण १९८९ मध्ये नियमित प्रसारण थांबलेली मालिका त्या भागाने पुन्हा उभी राहिली. तरीही जिवंत होणारे दुकानातले पुतळे आणि माणसाला गिळणारी कचराकुंडी पाहून, मुळातच साशंक असलेली व्यक्ती तिथेच मन मिटून घेण्याची शक्यता मला जास्त वाटते.

'दि इलेव्हन्थ अवर'मध्ये डॉक्टरही नव्या रूपातला, त्याच्यासोबत प्रवास करणारी सोबतीणही नवी. त्यामुळे आधीचे काहीच ठाऊक असावे लागत नाही. शिवाय आपल्या मैत्रिणीला रुचेल असे रहस्य पहिल्या काही मिनिटांतच समोर येते : एका लहान मुलीच्या खोलीतल्या भिंतीला भेग पडली आहे आणि त्या भेगेतून आवाज येतात. अंगणात कोसळलेल्या निळ्या पेटीतून, म्हणजे आपल्या कालयानातून, बाहेर आलेला अनोळखी माणूस, म्हणजेच डॉक्टर, एकामागून एक पदार्थ नाकारत अखेर कस्टर्डमध्ये फिश फिंगर बुडवून खातो, भेग तपासतो आणि पाच मिनिटांत परत येतो म्हणून निघून जातो. ती मुलगी धावत जाऊन बॅग भरते आणि अंधाऱ्या अंगणात त्या बॅगेवर बसून वाट पाहते. तो परततो, तेव्हा बारा वर्षे उलटलेली असतात. कालप्रवासाची कल्पना इथे सिद्धान्त म्हणून येत नाही, एका मुलीशी मोडलेला शब्द म्हणून येते, आणि विज्ञानकथा न आवडणाऱ्यालाही हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याला सर्वांत जास्त रडवणारा भाग कृपया निवडू नका. मी एका मैत्रिणीला 'डूम्सडे' (२००६) दाखवला होता. डॉक्टर आणि त्याची तेव्हाची सोबतीण रोझ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना हात टेकवून उभे राहतात, त्या क्षणी माझा कंठ दाटून आला, आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीने हळूच विचारले, "हे दोघे एकमेकांचे कोण?" तो निरोप दोन हंगामांच्या सहवासावर उभा आहे आणि तो सहवास तिला मिळालेलाच नव्हता. त्या मालिकेकडे ती पुन्हा वळली नाही, याची मला आजही खंत आहे.

भाग तासाभराहून थोडा मोठा आहे. मध्ये थांबवून काही समजावू नका. शेवटाकडे आधीच्या दहाही डॉक्टरांचे चेहरे झळकतात, त्यामुळे हा माणूस रूप बदलतो एवढे तिला आपोआप उमगेल, आणि दुसऱ्या बैठकीत 'ब्लिंक' लावलात तरी त्यातला वेगळा चेहरा तिला बुचकळ्यात टाकणार नाही. भिंतीतली ती भेग नेमकी कशाची, असे तिने विचारले, तर उत्तर देऊ नका. त्या हंगामाचे पुढचे बारा भाग तिचाच माग काढतात.