क्लचचं बेअरिंग वाजतंय: आत्ता खर्च करू की बोनसपर्यंत थांबू?

तुमची गाडी आठ वर्षांची आहे, क्लच दाबला की घरघर ऐकू येते आणि मेकॅनिकच्या मते रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) गेलंय. नुसतं बेअरिंग बदलावं, पूर्ण क्लच सेट टाकावा, की चार महिन्यांनी बोनस मिळेपर्यंत तशीच चालवावी, असं तुम्ही विचारलंय. आपत्कालीन निधीला हात लावायचं तुमच्या जिवावर आलंय.

माझं मत स्पष्ट आहे: थांबू नका. आणि क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी, हळूहळू झिजणारी चकती) मूळचीच असेल, तर पूर्ण सेट टाका.

बेअरिंग स्वतः महाग नसतं. पण ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसलेलं, त्यामुळे तिथवर पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खरा खर्च त्या मजुरीचा होतो. उदाहरणापुरतं धरा: मजुरी ६०, बेअरिंग १०, क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट मिळून ४०. सगळं आत्ताच केलं तर ११०. आज नुसतं बेअरिंग टाकलं तर ७०, आणि वर्षभरात प्लेट संपली की पुन्हा मजुरीसकट १००. म्हणजे एकूण १७०. तुमच्या मेकॅनिककडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यातले आकडे घालून हाच हिशोब करा. फ्लायव्हील (क्लच प्लेट जिला टेकते ती इंजिनची जड चकती) आणि क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील त्याच वेळी तपासायला सांगा. काही गाड्यांत बेअरिंग आणि हायड्रॉलिक स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब बेअरिंगपर्यंत पोहोचवणारा भाग) एकत्रच येतात. तसं असेल तर पार्टची किंमत वाढते, तेही आधीच विचारून घ्या.

प्लेट अलीकडेच बदलली असेल तर गोष्ट वेगळी. मग गिअरबॉक्स उतरल्यावर तिची जाडी बघा; चांगली असेल तर बेअरिंगवर भागेल. गाडी लवकरच विकायची ठरली असेल तरीही तेच, कारण नव्या क्लचचे पूर्ण पैसे विक्रीत वसूल होतील असं धरून चालता येत नाही.

होकार देण्याआधी एक खात्री करा. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल दाबल्यावर आवाज येतो का? मग संशय रिलीज बेअरिंगवरच. उलट, पेडल सोडलेलं असताना आवाज येऊन दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून ताकद आत घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग तपासायला हवं. तो खर्च निराळा, आणि बहुधा मोठा.

चार महिने थांबण्यात मला धोका दिसतो. बेअरिंग जाम झालं तर प्रेशर प्लेटच्या पात्या खराब होतात, क्लच सुटेनासा होतो, गिअर पडत नाहीत आणि गाडी भर रस्त्यात अडकते. मग टोइंगचा खर्च वाढतो, आणि अडलेल्या माणसाला चार ठिकाणी भाव विचारता येत नाहीत. वाहन विम्यात साधारणपणे झिजेची भरपाई मिळत नाही.

राहिला प्रश्न पैशांचा. टाळता न येणाऱ्या अशाच खर्चासाठी तुम्ही तो निधी साठवलाय, तो निःसंकोच वापरा. क्रेडिट कार्डाची थकबाकी बोनसपर्यंत ओढत नेऊ नका, त्यावरचं व्याज फार जड असतं. बोनस आला की सगळ्यात आधी निधी पूर्ववत करा. मग दरमहा थोडी रक्कम गाडीसाठी वेगळ्या खात्यात टाकायला लागा, कारण आठ वर्षांच्या गाडीला टायर, बॅटरी आणि सस्पेन्शनचे खर्चही येणारच आहेत.